राखणदार

ओहोटी लागली आहे. पॅसिफिकचं पाणी इथे मागे हटतं ते थोडंथोडकं नाही. सकाळी जिथे होड्या डुलत होत्या तिथे दुपारी ओल्या, कडक वाळूचं ऐसपैस मैदान उघडं पडतं. तुम्ही पनामातल्या पोर्तो काइमितो या मासेमारांच्या गावात उभे आहात. साल १९८० च्या आगेमागे. मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याचा वास आधी नाकात बसतो आणि मग जाणवेनासा होतो. पोरं आरडाओरडा करत वाळूत उतरतात. त्यांच्या हातातलं सामान जरा जवळ जाऊन पाहा. चेंडू म्हणजे फाटक्या जाळ्याचा गोळा, वरून इलेक्ट्रिकची पट्टी ताणून गुंडाळलेली. हातमोजा म्हणजे दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा, दुमडून हाताच्या मापाचा केलेला. बॅट म्हणजे झाडाची त्यातल्या त्यात सरळ फांदी.

त्यातला तो बारीक अंगाचा, लांब हातांचा पोरगा लक्षात ठेवा. मारियानो रिवेरा. त्याला खरा नाद फुटबॉलचा; पेले त्याचं दैवत. बेसबॉल तो खेळतो कारण ओहोटी आहे आणि सवंगडी जमले आहेत. भरतीचं पाणी घोट्याला लागलं की सामना संपतो.

रिवेराची गोष्ट सांगणारे बहुतेक जण या वाळूवर रेंगाळतात. तुम्ही नका रेंगाळू. चारसहा वर्षं पुढे सरका आणि बोटीवर चढा. वडील बोटीचे कप्तान, त्यांचंही नाव मारियानो. पोराची शाळा सोळाव्या वर्षी सुटली आहे आणि तो सार्डिनच्या जाळ्याला हात लावून उभा आहे. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे बारा तास. त्याला मेकॅनिक व्हायचंय, पण सध्या पोट इथे आहे. बोटीवरची मासळी एकट्याची नसते, ती जाळं ओढणाऱ्या प्रत्येकाची आणि त्याच्या घरच्यांची असते. शेवटच्या तासात एकाचा हात सुटला तर सगळ्यांचा दिवस बुडतो. त्याच्या पुढच्या धंद्याची तालीम झाली ती इथे, असं मला ठामपणे वाटतं. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या पायाखालची १२० टनांची बोट कलंडू लागली आणि जीव मुठीत धरून ती सोडावी लागली. मासेमारी आपल्याच्याने होणार नाही, हे त्या दिवशी नक्की झालं.

पनामा सिटी, १९९० ची सुरुवात. मैदानाच्या कडेला उन्हात बसलेला तो माणूस म्हणजे हर्ब रेबोर्न, न्यूयॉर्क यँकीज या संघासाठी खेळाडू हेरणारा. याने रिवेराला आधी पाहिलं होतं ते शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक म्हणून, आणि सोडून दिलं होतं. मग एका सामन्यात रिवेराच्या संघाच्या, पनामा ओएस्तेच्या, पिचरची म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची धुलाई झाली, चेंडू रिवेराच्या हातात आला आणि त्याने तो सामना सांभाळला. दोन सहकाऱ्यांनीच यँकीजच्या माणसांना कळवलं. म्हणून आज ही चाचणी.

वेगमापकाकडे पाहिलंत तर निराश व्हाल. ताशी १३७ ते १४० किलोमीटर. या धंद्यात एवढ्यावर कुणी मान वळवत नाही. रेबोर्नचे डोळे मात्र खांद्यावर आहेत. पोरगा हात मागे नेतो, पाय उचलतो आणि चेंडू सोडतो. यात कुठेही झटका नाही, ओढाताण नाही, आणि प्रत्येक फेक आधीच्या फेकीसारखी. शिकवून येत नाही ते आधीच आलेलं आहे. १७ फेब्रुवारीला करार झाला, अडीच हजार डॉलरवर. इंग्रजीचा एक शब्द येत नसलेला, देशाबाहेर कधी पाऊल न टाकलेला विशीचा तरुण फ्लोरिडातल्या टॅम्पाला निघाला.

पुढची पाच वर्षं भरभर उलटू या. पहिल्याच हंगामात ५२ इनिंगमध्ये त्याच्या खाती फक्त एक धाव. १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया. त्याच हिवाळ्यात फ्लोरिडा मार्लिन्स आणि कोलोराडो रॉकीज हे दोन नवे संघ इतरांच्या खेळाडूंतून आपले खेळाडू निवडायला बसले. यँकीजने ज्यांना राखून ठेवलं नव्हतं त्यांच्यात रिवेरा होता. दोघांपैकी कुणीही त्याला उचललं नाही.

२३ मे १९९५, ॲनाहाइम. मोठ्या मंचावरचा पहिला सामना. चौथी इनिंगही पुरी झाली नाही, पाच धावा गेल्या, सामना गेला. जूनमध्ये पुन्हा खालच्या दर्जाच्या कोलंबस संघात रवानगी. खांदा दुखत होता म्हणून दोनेक आठवडे विश्रांती मिळाली, आणि विश्रांतीनंतर काहीतरी अचाट घडलं. वेगमापकाचा काटा ताशी १५३ किलोमीटरच्या पुढे गेला. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जीन मायकेल या व्यवस्थापकाला तो आकडा खराच वाटेना. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्याने बाहेरच्या एका जाणकाराला विचारलं. त्याच्याकडेही तोच आकडा होता. रिवेराला डेट्रॉइटला देऊन डेव्हिड वेल्सला आणण्याची बोलणी चालली होती, ती मायकेलने तिथल्या तिथे थांबवली. ४ जुलैला शिकागोत रिवेराने आठ इनिंगमध्ये ११ जणांना बाद केलं आणि एकही धाव दिली नाही. पण हंगामभराचा हिशोब पाहिला तर सुरुवातीचा पिचर म्हणून तो टिकण्यासारखा नव्हता.

आता खऱ्या जागी या. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातलं जुनं यँकी स्टेडियम, १९९६ चा उन्हाळा. मैदानाच्या डाव्या अंगाला, भिंतीमागे एक कुंपण घातलेला लांबट वाडा आहे. हे बुलपेन. आत एक बाक, सराव करायला मातीचा उंचवटा, आणि भिंतीवर एक टेलिफोन. बाकावर बसलेल्या पाचसहा जणांचा धंदा वाट पाहण्याचा आहे.

बेसबॉलचा एक नियम इथे माहीत हवा. सामना नऊ इनिंगचा आणि मैदानातून बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. सुरुवात करणारा पिचर शंभराच्या आसपास फेका टाकतो आणि त्याचा हात जड होतो. मग फोन वाजतो, बाकावरच्या कुणाचं तरी नाव घेतलं जातं, तो उठतो, घाईघाईने अंग मोकळं करतो आणि दुसऱ्याने अर्ध्यावर सोडलेला सामना हातात घेतो. हा रिलीफ पिचर. जो सुरुवातीचा पिचर म्हणून चालला नाही त्याला तिकडे बसवायचं, अशीच फार वर्षं पद्धत होती. त्याचं काम मोजायलाही कुणाला सुचलं नव्हतं. शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी त्यासाठी ‘सेव्ह’ची कल्पना मांडली: संघ थोडक्या धावांनी पुढे असताना यायचं आणि सामना संपेपर्यंत ती आघाडी हातची जाऊ द्यायची नाही. ही नोंद अधिकृत झाली १९६९ मध्ये, म्हणजे रिवेराचा जन्म झाला त्या वर्षी.

थोडा वेळ या बाकावर बसून पाहा. पहिल्या चारपाच इनिंग गप्पांत जातात, कुणी सूर्यफुलाच्या बिया चघळतो, कुणी प्रेक्षकांतल्या पोराला सही देतो. सहावी इनिंग आली की बोलणं आपोआप कमी होतं. तुमचा सामना केव्हा सुरू होणार ते तुमच्या हातात नाही, सुरू होणार की नाही हेही नाही. आणि सुरू झालाच तर दहा मिनिटांत आवरणार. त्या दहा मिनिटांत दुसऱ्या कुणाची तरी दोन तासांची मेहनत तुमच्या बोटांत असते. सुरुवातीच्या पिचरने सहा-सात इनिंग घाम गाळून कमावलेला विजय तुमच्या एका फेकीने त्याच्या नावावरून पुसला जाऊ शकतो, आणि तो समोर डगआउटमध्ये बसून ते पाहत असतो. या कामाचा भार मला तरी फेकीच्या वेगापेक्षा मोठा वाटतो.

त्या १९९६ मध्ये रिवेरा सातवी आणि आठवी इनिंग टाकायचा, नववीला जॉन वेटलँड यायचा. सहा इनिंगनंतर यँकीज पुढे असले तर त्या हंगामात त्यांनी ७० सामने जिंकले आणि फक्त तीन गमावले. प्रतिस्पर्ध्याला सहाव्या इनिंगच्या आत जे करायचं ते उरकून घ्यावं लागे. वर्षअखेरीला यँकीजनी वर्ल्ड सिरीज जिंकली, वेटलँड दुसऱ्या संघात गेला आणि शेवटची इनिंग रिवेराच्या हवाली झाली. अशा शेवटच्या माणसाला क्लोजर म्हणतात.

जून १९९७, डेट्रॉइटचं टायगर स्टेडियम. सामन्याआधीची दुपार. रिवेरा आणि त्याचाच देशबंधू रामिरो मेंदोसा आपसात चेंडू फेकून हात गरम करताहेत. मेंदोसाच्या मागे उभे राहा. चेंडू सरळ येतोय, येतोय, आणि मोज्याशी पोचता पोचता एकाएकी बाजूला सरतो. मेंदोसा वैतागतो; त्याला वाटतं हा मुद्दाम खोड्या काढतोय. रिवेरा पुन्हा फेकतो. पुन्हा तेच. पकड तीच, हात तोच, काहीही बदललेलं नाही.

नीट पाहायचं तर त्याची बोटं पाहा. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीवर आडवी, नेहमीच्या सरळ वेगवान फेकीची पकड. सोडताना मधल्या बोटाचा दाब किंचित जास्त. तेवढ्याने चेंडूची गिरकी कलते आणि शेवटच्या काही फुटांत तो डावखुऱ्या फलंदाजाच्या अंगावर आत घुसतो. क्रिकेटमध्ये कटर टप्पा पडल्यावर वळतो. इथे टप्पाच नाही, वळण हवेतलं. अंतर साठ फूट सहा इंच, वेग ताशी दीडशेच्या आसपास. फलंदाजाने बॅट फिरवायचं ठरवलं तेव्हा चेंडू बॅटच्या मधोमध येणार होता. बॅट पोचते तेव्हा तो मुठीजवळ असतो आणि लाकूड फुटतं.

गंमत म्हणजे पहिले काही आठवडे त्याला हे नकोच होतं. पिचिंग प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर आणि तो मिळून चेंडू पुन्हा सरळ करायच्या खटपटीत होते. कॅचरला कळायला हवं ना, येणार कुठे! जमलं नाही, आणि त्यांनी नाद सोडला. रिवेरा ही फेक देवाची देणगी मानतो, आपलं त्यात काही कर्तृत्व नाही असं आजवर सांगत आला आहे. मी त्याच्या श्रद्धेत शिरत नाही. पण मिळालेली एकच गोष्ट सोळा वर्षं, समोरच्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असताना, जशीच्या तशी टाकत राहणं हे कर्तृत्वच आहे. बहुतेक पिचर तीन-चार प्रकारच्या फेका बाळगतात, फलंदाजाला चकवण्यासाठी. रिवेरा जवळजवळ एकाच फेकीवर जगला. तो चकवत नसे.

त्याच वर्षीचा ऑक्टोबर, क्लीव्हलँड. यँकीज एका धावेने पुढे, मालिका जिंकायला चार बाद हवेत. सँडी अलोमारने उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे चेंडू पाठवला, बरोबरी झाली, मग सामना गेला आणि दुसऱ्या दिवशी मालिकाही गेली. क्लोजर म्हणून पहिलं वर्ष आणि ही अखेर. या धंद्यात असल्या एका फटक्याने पुरते खचलेले पिचर झाले आहेत. तुम्ही मात्र पुढचे तीन ऑक्टोबर एकामागोमाग पाहा: १९९८, १९९९, २०००. तिन्ही वर्ल्ड सिरीज यँकीजच्या, आणि तिन्ही वेळा शेवटचा फलंदाज बाद झाला तेव्हा उंचवट्यावर रिवेरा होता. ९९ मध्ये तर मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याच वर्षापासून त्याच्या प्रवेशाला मेटॅलिका या बँडचं ‘एंटर सँडमन’ वाजू लागलं. बुलपेनचं दार उघडायचं, गिटारचे पहिले सूर घुमायचे, हजारो लोक उभे राहायचे आणि तो मान किंचित खाली घालून सावकाश धावत यायचा. गाणं स्टेडियमच्या माणसांनी निवडलं होतं. त्याची स्वतःची आवड भक्तिसंगीताची.

४ नोव्हेंबर २००१. ॲरिझोनातलं फिनिक्स, बँक वन बॉलपार्क, रविवारची रात्र. इथे तुम्ही शेवटपर्यंत थांबायचं आहे.

न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्याला आठ आठवडेही झालेले नाहीत. त्या शहराचा संघ वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात आहे आणि ॲरिझोना डायमंडबॅक्सशी झुंजतो आहे. आठव्या इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात यँकीजच्या अल्फोन्सो सोरियानोने होमरन मारला. यँकीज २, ॲरिझोना १. बुलपेनचं दार उघडलं. रिवेरा दोन इनिंग टाकायला आला. आठवीत त्याने तिघांना स्ट्राइकआउट केलं. तुमच्या आजूबाजूच्या स्थानिक प्रेक्षकांचे चेहरे बघा. सामना उरकला हे त्यांनाही कळून चुकलंय. ऑक्टोबरातल्या सामन्यांत त्याने सलग २३ वेळा आघाडी राखली आहे.

नववी इनिंग. मार्क ग्रेसने चेंडू मधल्या मैदानात ढकलला आणि पहिल्या बेसवर पोचला. ठीक आहे, होतं असं. पुढच्या डेमियन मिलरने बॅट आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात मारून ठेवला. चेंडू रिवेराकडेच आला. त्याने उचलला, वळला, दुसऱ्या बेसकडे फेकला, आणि तो फेकलेला चेंडू यँकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर याच्या हाताबाहेर जाऊन मागे मैदानात गडगडत गेला. आजच्या रात्री त्याच्या हातून घडलेली निखळ चूक ती हीच. दोन धावपटू बेसवर, बाद कुणीच नाही. जे बेलनेही चेंडू तसाच पुढ्यात टाकला. या वेळी रिवेराची फेक तिसऱ्या बेसवर अचूक. एक बाद. मग टोनी वोमॅक. त्याने उजव्या सीमारेषेलगत चेंडू लोटला आणि धाव आली. २–२. स्टेडियम आता कानठळ्या बसवतंय. पुढच्या क्रेग काउन्सेलला चेंडू हातावर लागला, त्याला पहिला बेस बहाल झाला. तिन्ही बेस भरलेले, बाद एकच, समोर लुइस गोन्झालेझ. डावखुरा.

यँकीजचे मॅनेजर जो टोरी क्षेत्ररक्षकांना पुढे बोलावतात. त्यांचं बरोबर आहे. तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी पोचला की सगळं संपलं, तेव्हा जमिनीवरून येणारा चेंडू झटक्यात उचलून घरच्या बेसकडे फेकता यायला हवा. पण रिवेराच्या बाबतीत यात एक धोका आहे आणि टीव्हीवर समालोचक टिम मॅकार्व्हर नेमका त्याच क्षणी तो सांगतो आहे: रिवेराची फेक डावखुऱ्यांच्या मुठीवर येते, बॅटीला पुरता न लागलेला चेंडू जेमतेम उडून क्षेत्ररक्षकांच्या मागे पडतो. रिवेराने फेकलं. फेक वळायला हवी तिथेच वळली. गोन्झालेझने बॅट मुठीपासून थोडी वर धरली होती. चेंडू मुठीजवळच लागला. त्यात जोर नव्हता. तो जीटरच्या डोक्यावरून अलगद गेला आणि हिरवळीच्या कडेशी पडला. जीटर नेहमीच्या जागी असता तर हा झेल होता.

रिवेराची शेवटची फेक खराब नव्हती, हे मला आग्रहाने सांगायचं आहे. त्याने आयुष्यभर शेकडो फलंदाज ज्या फेकीवर बाद केले तीच ही फेक, तसाच तिचा परिणाम. कामाची प्रत उत्तम आणि फळ मात्र पराभव. धावफलकावर असल्या गोष्टीसाठी रकाना नाही. सामना ३–२ असा गेला. जल्लोषाच्या गोंगाटातून तो शांतपणे चालत आत गेला, आणि नंतर पत्रकार आले तेव्हा उत्तरं द्यायला हजर होता. मैदानाला, नशिबाला, टोरींच्या निर्णयाला कुणालाही त्याने बोल लावला नाही.

आठ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून डोमिनिकन रिपब्लिकला निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं विमान क्वीन्स भागात कोसळलं. विमानातले सगळे २६० आणि जमिनीवरचे पाच जण गेले. यँकीजचा खेळाडू एन्रिके विल्सन याच विमानाने घरी जायचा होता. संघ जिंकला असता तर न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली असती आणि तो त्यासाठी थांबला असता. हरल्यामुळे तो आधीच निघून गेला होता. आपण हरलो ते बरं झालं, त्यामुळे माझा मित्र जिवंत आहे, असं रिवेराने नंतर सांगितलं. लोक हे वाक्य त्याच्या श्रद्धेचा दाखला म्हणून सांगतात. मला त्यात दुसरं काही दिसतं: आपल्या नावावरच्या सर्वांत मोठ्या अपयशाकडे पाहताना त्याच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचा जीव होता.

ऑक्टोबर २००४. पत्नीच्या नात्यातले दोघे पनामात त्याच्या घरच्या पोहण्याच्या तलावात विजेचा धक्का बसून गेले. १२ तारखेला तो अंत्यविधीला पनामात होता. त्याच रात्री न्यूयॉर्कला परतून, सामना सुरू झाल्यावर स्टेडियमवर पोचून, त्याने बॉस्टन रेड सॉक्सविरुद्धच्या मालिकेतला पहिला सामना राखला. चौथ्या सामन्यात मात्र बॉस्टनच्या फेनवे पार्कवर नवव्या इनिंगमध्ये त्याने केव्हिन मिलारला बाहेर गेलेल्या फेकींवर पहिला बेस फुकट दिला, बदली धावपटू डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, बिल म्यूलरने त्याला घरी आणलं. आघाडी गेली. बॉस्टनने ०–३ वरून ती मालिका फिरवली आणि १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढच्या एप्रिलमध्ये, ११ तारखेला, त्याच फेनवेवर यँकीजच्या खेळाडूंची नावं पुकारली जात होती. रिवेराचं नाव येताच बॉस्टनकर उभे राहून टाळ्या पिटू लागले. हा आपला उपकारकर्ता! तुम्ही त्याच्याकडे पाहा. तो खळखळून हसतोय आणि टोपी काढून त्यांना हलवून दाखवतोय.

१९ सप्टेंबर २०११ ला ६०२ वा सेव्ह, ट्रेव्हर हॉफमनचा विक्रम मागे पडला. ३ मे २०१२ ला कॅन्सस सिटीत, सामन्याआधी मौजेने उंच चेंडू झेलत असताना भिंतीजवळ पाय मुडपला आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. वय ४२. इथेच थांबला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. तो परत आला, ४३ व्या वर्षी ४४ सेव्ह केले.

२०१३ हा त्याचा शेवटचा हंगाम, आणि हे त्याने मार्चमध्येच जाहीर केलं होतं. गावोगावच्या स्टेडियमवर निरोपाच्या भेटी मिळत होत्या. मिनेसोटाने तर त्याने फोडलेल्या बॅटींच्या लाकडाची झुलती खुर्ची करून दिली. तुम्ही मात्र भेटींच्या सोहळ्याला थांबू नका, त्याआधीच्या तासाला या. एका साध्या खोलीत वीसेक माणसं गोल करून बसली आहेत: तिकीट विकणारे, स्वयंपाकघरात राबणारे, हिरवळ राखणारे, कधी एखादं आजारी मूल आणि त्याचे आईबाप. प्रत्येक शहरात रिवेराने अशी बैठक मागून घेतली. सामना ज्यांच्या जिवावर उभा राहतो आणि ज्यांची नावं धावफलकावर येत नाहीत, त्यांना भेटून आभार मानायला. बाकावर बसून आयुष्य काढलेल्या माणसाला ती माणसं बरोबर दिसली.

२६ सप्टेंबर २०१३, नवं यँकी स्टेडियम. यँकीज आधीच स्पर्धेबाहेर फेकले गेलेले, टॅम्पा बे विरुद्ध हरत चाललेले. आज राखायला काहीच नाही. तरी आठव्या इनिंगमध्ये दार उघडतं, गिटार वाजते, तो येतो आणि चौघांना ओळीने बाद करतो. नववीत दोन बाद झाल्यावर डगआउटमधून मॅनेजर यायला हवेत, पण त्यांनी पंचांची परवानगी काढून दोन खेळाडूंना पाठवलंय: डेरेक जीटर आणि अँडी पेटिट. पेटिट सुरुवातीचा पिचर; त्याचे ७२ विजय रिवेराने शेवटच्या इनिंगमध्ये राखलेले आहेत, सुरुवातीचा पिचर आणि क्लोजर अशी दुसरी कुठलीही जोडी या आकड्याजवळ आलेली नाही. आज पेटिट हात पुढे करतो आणि चेंडू मागून घेतो. रिवेरा त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून हमसून हमसून रडतो. मोठ्या लीगमध्ये जॅकी रॉबिन्सनच्या सन्मानार्थ १९९७ मध्ये सर्व संघांतून काढून घेतलेला ४२ हा क्रमांक, जुन्या धारकांना दिलेल्या मुभेमुळे, आजपर्यंत त्याच्या पाठीवर होता. त्याच्यानंतर तो नेहमीसाठी कुणालाच नाही.

बेरीज करायचीच तर ६५२ सेव्ह, आणि ऑक्टोबरच्या सामन्यांत १४१ इनिंगमध्ये त्याच्या खाती अवघ्या ११ धावा.

शेवटचा मुक्काम २२ जानेवारी २०१९. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पत्रकारांनी दिलेली मतं आज मोजली जाताहेत. १९३६ मध्ये बेब रूथला ११ जणांनी वगळलं होतं. विली मेजला २३ जणांनी, हँक आरॉनला नऊ, केन ग्रिफीला तीन. रिलीफ पिचरना तर या दालनाचं दार बरीच वर्षं जेमतेम किलकिलं होतं. आज ४२५ मतपत्रिका आल्या आणि ४२५ वर रिवेराचं नाव निघालं. असं याआधी एकदाही झालेलं नव्हतं. पुढच्या वर्षी जीटरची पाळी आली, त्याला एक मत कमी पडलं. २०२५ मध्ये इचिरो सुझुकीलाही एकच कमी पडलं.